आईची कळशी आणि रेघेची तार

गेल्या दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी माझ्या बारा वर्षांच्या लेकीला शॉक बसला. मीच जोडलेल्या दिव्याचा.

हे लिहायला लाज वाटते, कारण मी मिरजेच्या वायरमनची मुलगी. आप्पा विद्युत मंडळात होते. ड्यूटी संपवून घरी आले की गल्लीतलं कुणी ना कुणी दारात उभं असायचं. कुणाची इस्त्री तापत नाही, कुणाचा पंखा घरघरतोय. मी शेजारी बसून स्क्रू धरायची. पेंडंट होल्डरला वायर जोडणं, टू पिन बदलणं, फ्यूजची तार बांधणं हे मला भाकरी थापण्याआधी यायला लागलं. त्यामुळे अमेरिकेत आल्यावर बावीस वर्षांत मी एकदाही कुणाला विचारलं नाही की इथला दिवा कसा जोडतात. दिवा तो दिवा, त्यात काय विचारायचं!

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आई गेली त्यानंतरच्या खेपेला मी मिरजेहून येताना तिची तांब्याची कळशी बॅगेत साड्यांत गुंडाळून आणली. तळाशी गळत होती ती. आईने दोनदा डाग लावून घेतला होता, तरी पाझरायचीच, म्हणून शेवटी माळ्यावर गेली. इथे आणून काय करायचं ते ठरलं नव्हतं. मग हार्डवेअरच्या दुकानात एक पाकीट दिसलं. कुठल्याही बाटलीचा, बरणीचा, भांड्याचा टेबल लॅम्प करायचं सामान त्यात होतं. बल्बचा होल्डर, आट्यांची नळी, प्लग लावलेली वायर आणि वायरवर बसवायचा छोटा स्विच. एका रविवारी दुपारी मी बसले आणि दोन तासांत कळशीचा दिवा झाला. बटण दाबलं, लागला. नवऱ्याने फोटो काढला, आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला, पन्नास अंगठे आले. पाकिटातला सूचनांचा कागद मी उघडलाही नव्हता.

चार महिने दिवा छान चालला. मग बल्ब गेला. लेकीला म्हटलं, "स्विच बंद कर आणि बदल." तिने स्विच बंद केला. आमचं घर जुनं आहे, खिडकीखाली लोखंडी रेडिएटर आहेत. तिने डावा हात टेकायला रेडिएटरवर ठेवला आणि उजव्या हाताने बल्ब फिरवायला लागली. बल्ब अर्धा बाहेर आला, बोट त्याच्या पितळी आट्यांना लागलं आणि ती किंचाळून मागे पडली. कळशी आडवी. मी आधी प्लग ओढला, मग तिला जवळ घेतलं. बोटांना मुंग्या आणि भीती, यापलीकडे काही झालं नाही. डॉक्टरांकडे नेऊन तपासून आणलं, सगळं ठीक होतं.

पण स्विच बंद होता. मग शॉक कसा बसला?

रात्री नऊ वाजता, म्हणजे मिरजेत सकाळी साडेसहा, आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. ते चहा पीत होते. सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य, "पाण्याची कळशी होती, तू त्यात करंट भरलास होय?" मग म्हणाले, "होल्डर उघडून दाखव. प्लग काढलाय ना? प्लग मला दाखव आधी." मी प्लग कॅमेऱ्यासमोर धरला तेव्हा पुढे बोलले.

होल्डर बघून ते गप्प झाले. आट्यांचे होल्डर त्यांनी पाहिले नव्हते असं नाही, पण त्यांचं आयुष्य पिनांच्या होल्डरात गेलं. आपल्याकडच्या पिनांच्या बल्बला खाली दोन ठिपके असतात. एकाला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल. बाहेरच्या पितळी कड्याचा दोन्हीशी संबंध नसतो. त्यामुळे कुठली तार कुठल्या ठिपक्याला लावली याने बल्ब बदलणाऱ्याच्या बोटाला फारसा फरक पडत नाही. म्हणून तर आपण लहानपणापासून ऐकत आलो, "बल्बला काय, कुठलीही तार कुठेही लाव." दोन तारा, दोन स्क्रू, झालं काम.

अमेरिकन होल्डरात हे चालत नाही. इथे बल्बला दोन ठिपके नसतात. एक संपर्क मध्यभागी, तळाशी, छोट्या जिभेसारखा. दुसरा संपर्क म्हणजे सगळा आट्यांचा भाग, ज्यावर बल्ब फिरवताना हमखास बोट लागतं. मधल्या जिभेला फेज आणि आट्यांना न्यूट्रल असेल तर लागलेलं बोट सहसा वाचतं. उलटं जोडलं तर आटे म्हणजे उघडी फेज. आणि गंमत अशी की दिवा दोन्ही प्रकारे तितकाच छान लागतो. बल्बला काहीच कळत नाही. "लागला ना? मग बरोबर आहे," हे जे आपण म्हणतो, त्यातच माझी चूक दडून बसली होती. चार महिने.

दुसरी चूक स्विचची. वायरवरचा तो छोटा स्विच दोनपैकी एकच तार तोडतो, दुसरी त्यातून अखंड जाते. मी जी हाताला आली ती कापली, ती निघाली न्यूट्रल. म्हणजे बटण बंद केल्यावर दिवा विझायचा, पण फेज थेट आट्यांपर्यंत येऊन थांबलेली असायची. वाट बघत. लेकीच्या एका हाताने ती पकडली आणि दुसऱ्या हाताने रेडिएटरमधून जमिनीला वाट मिळाली. जाड गालिच्यावर उभं राहून एकच हात लावला असता तर कदाचित काहीच जाणवलं नसतं, आणि मला आजही पत्ता नसता.

"मग फेज कुठली आणि न्यूट्रल कुठली हे वायरवरून कळायला नको?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, दोन्ही तारा एकाच रंगाच्या आहेत. तपकिरी."

"असं होणार नाही. कारखानदार खूण ठेवतोच. डोळ्यांनी नाही दिसली तर नख फिरवून बघ."

मी चष्मा काढला, डोळे मिटले आणि वायरच्या दोन्ही कडांवर अंगठ्याचं नख फिरवलं. एक कड गुळगुळीत. दुसऱ्या कडेवर बारीक रेघा, लांबच्या लांब, अगदी प्लगपासून टोकापर्यंत. बावीस वर्षं या वायरी मी घरात हाताळत होते. ख्रिसमसच्या माळा, टेबल लॅम्प, एक्स्टेन्शन. ती रेघ मला कधी लागली नव्हती.

ती रेघ म्हणजेच इथली भाषा. रेघा असलेली तार न्यूट्रल, गुळगुळीत तार फेज, जिला इथे हॉट म्हणतात. प्लगच्या दोन पात्यांपैकी एक जरा रुंद असते, ती न्यूट्रलची. म्हणूनच हा प्लग भिंतीत एकाच बाजूने बसतो. उलटा घातला तर जात नाही आणि आपण वैतागून म्हणतो, "काय फालतू प्लग आहे!" होल्डरवर दोन स्क्रू असतात, एक पितळी, एक रुपेरी. रुपेरी आतून आट्यांशी जोडलेला असतो, पितळी मधल्या जिभेशी. तेव्हा रेघांची तार रुपेरी स्क्रूला, गुळगुळीत पितळीला, आणि वायरवर स्विच बसवायचा तर कापायची ती गुळगुळीत. काही वायरी पारदर्शक असतात, त्यात एक तार तांबूस आणि एक चंदेरी दिसते. तिथे चंदेरी ती न्यूट्रल.

एवढं ऐकून आप्पा म्हणाले, "म्हणजे सगळं लिहून ठेवलंय त्यांनी. तू वाचलं नाहीस." खरंच होतं. दुसऱ्या दिवशी केराच्या डब्यात नाही, पण हत्यारांच्या खणात तो कागद घडी न मोडलेला सापडला. तिसऱ्या ओळीत हेच लिहिलेलं.

आम्ही जिथे राहतो त्या गावाचं नाव थॉमस एडिसनवरून पडलं. पूर्वी याला रॅरिटन टाउनशिप म्हणत, १९५४ मध्ये नाव बदललं. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथलीच. १८७९ मध्ये बल्ब इथे उजळला, आणि त्या जागी १९३८ पासून एक उंच मनोरा उभा आहे, ज्याच्या माथ्यावर भला मोठा काचेचा दिवा आहे. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी ओक ट्री रोडवर वडापाव खायला नेतो आणि मग वेळ उरला तर तिथे. बल्बला आटे पाडून फिरवून बसवायची पद्धत एडिसनच्याच घरची. बल्बच्या खोक्यावर ई-२६ असं लिहिलेलं असतं, त्यातला ई त्याच्याच नावाचा आणि २६ म्हणजे आट्यांची मिलिमीटरमधली रुंदी. आपल्याकडे इंग्रजांमुळे पिनांची पद्धत रुजली. तर मी एडिसनच्या गावात बसून, मिरजेच्या पिनांच्या होल्डरचं डोकं घेऊन, एडिसनचा होल्डर जोडत होते.

आता नव्याने जोडताना आप्पा रोज सकाळी हजर. तीन दिवस चाललं ते काम. दोन तासांचं काम तीन दिवस, कारण प्रत्येक पायरीला त्यांना जवळून दाखवायला लागायचं.

वायर सोलताना दात वापरायचे नाहीत हे त्यांनी मला बजावलं. हे सांगणारे आप्पा स्वतः जन्मभर दातांनीच सोलत आले! इथे वायर सोलायचा चिमटा स्वस्तात मिळतो, त्याला जाडीप्रमाणे भोकं असतात. टेबल लॅम्पची वायर बहुतेक अठरा गेजची. आधी दोन तारांच्या मधल्या फटीतून त्या दोन-अडीच इंच वेगळ्या करायच्या. करताना तांबं उघडं पडता कामा नये. मग टोकाशी अर्धा-पाऊण इंच सोलायचं. आतले केसासारखे धागे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पिळायचे आणि स्क्रूभोवती त्याच दिशेने गुंडाळायचे, म्हणजे स्क्रू आवळताना तार आत खेचली जाते. उलटी गुंडाळली तर आवळता आवळता बाहेर पडते. एकही धागा बाहेर लोंबता कामा नये, तोच शेजारच्या स्क्रूला किंवा पितळी कवचाला टेकतो. मला वाटलं होतं, टोकाला डाग दिला तर जास्त पक्कं. आप्पा म्हणाले, नको. शिसं दाबाखाली हळूहळू दबत जातं, स्क्रू ढिला होतो, ढिला स्क्रू तापतो.

स्क्रूला जोडण्याआधी गाठ मारायची. इथे तिला अंडररायटर्स नॉट म्हणतात. दोन्ही तारांचे फासे करून एकीचं टोक दुसरीच्या फाशातून काढायचं आणि ओढून होल्डरच्या बुडाशी बसवायची. कुणी वायरला पाय अडकून ओढली तर ओढ गाठीवर येते, स्क्रूवर नाही. ती गाठ मी कॅमेऱ्यासमोर मारली तर आप्पा हसायला लागले. "ही तर आपली सीलिंग रोजमधली गाठ! लोंबत्या दिव्याला हीच मारायचो." पृथ्वीच्या दोन टोकांना वायरमन एकच गाठ मारतात याचा त्यांना एवढा आनंद झाला की त्या दिवशी पुढचं काम झालंच नाही. नोकरीतल्या गोष्टी सुरू झाल्या.

होल्डरच्या पितळी कवचाच्या आत पुठ्ठ्यासारखी एक नळी असते. ती पॅकिंग नाही. स्क्रू आणि धातूचं कवच यांच्यात तेवढाच एक पडदा असतो. इथे शनिवारी गराज सेलला पाच-दहा डॉलरला सुंदर जुने दिवे मिळतात, आपली मंडळी हौसेने आणतात, मीही आणते. त्यांच्यात ही नळी बऱ्याचदा करपून चुरा झालेली असते, वायर कडक होऊन वाकवली की तडकते, आणि प्लगच्या दोन्ही पाती सारख्याच रुंदीच्या असतात. असा दिवा घरी आणला की तो लावून बघू नये. होल्डर, वायर, प्लग तिन्ही बदलावं. सगळं मिळून एका जेवणाच्या खर्चाहून कमी येतं.

मग आप्पांनी विचारलं, "वायर कळशीतून बाहेर कुठून काढलीस?" मी भोक दाखवलं. ड्रिलने पाडलेलं, कडेला तांब्याची धारदार कोर तशीच. त्यांनी कपाळाला हात लावला. दिवा थोडा सरकला की वायर त्या कोरीवर घासते. वर्षा-दोन वर्षांत प्लास्टिक कापलं जातं आणि मग फेज कळशीला लागते. आटे राहू द्या बाजूला, अख्खी कळशीच. खरं सांगते, लेकीला बसलेल्या शॉकपेक्षा हे ऐकून मला जास्त घाम फुटला, कारण त्या कळशीवरून मी रोज सकाळी हात फिरवते. कोर कानशीने घासून त्यात रबरी बुश बसवला. काही पैशांची वस्तू.

एका मुद्द्यावर आमचं वाजलं. आप्पा म्हणाले, "धातूचं भांडं आहे, अर्थिंग पाहिजे." मी म्हटलं, इथे टेबल लॅम्प दोन तारांचेच असतात, दुकानात तसेच मिळतात, चालतं. "चालतं म्हणजे काय? तुझी कळशी दुकानातून आली का?" यावर मला उत्तर नव्हतं. शेवटी तीन तारांची वायर आणली, तिन्ही पिनांचा प्लग लावलेली. हिरवी तार कळशीच्या तोंडावरच्या पितळी टोपीच्या नटाखाली पक्की केली. आता चुकून फेज भांड्याला लागलीच तर करंट हिरव्या तारेने जातो आणि ब्रेकर पडतो, माणसाची वाट बघत बसत नाही. वायरवरचा स्विच काढून टाकला आणि होल्डरमध्येच फिरवायची कळ असलेला होल्डर घेतला, म्हणजे कुठली तार कापायची हा प्रश्नच मिटला.

पण तीन तारांची वायर आणली आणि नवाच घोळ झाला, आणि तो माझ्या मते आपल्या लोकांसाठी सगळ्यात घातक. त्या वायरीत तीन रंग होते. काळी, पांढरी, हिरवी. आप्पा ताबडतोब म्हणाले, "काळी न्यूट्रल." माझ्याही तोंडून तेच आलं असतं. आपल्याकडच्या घरांत लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी अर्थ, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. अमेरिकेत काळी म्हणजे फेज! पांढरी न्यूट्रल. हिरवी किंवा नुसती उघडी तांब्याची तार अर्थ. ज्याला आपण निर्धास्त समजून हात लावू तीच इथे मारते. इंग्लंडमध्ये आणि युरोपात उपकरणांच्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. इंग्लंडच्या जुन्या घरांच्या भिंतीत मात्र लाल-काळी सापडते, कारण तिथे भिंतीतले रंग २००४ नंतर बदलले. तेव्हा जिथे राहता तिथली वायर आणि लहानपणचे रंग यांची गाठ घालू नका. आप्पांना हे पटायला दोन दिवस लागले. "काळी फेज? मग लालचं काय करतात हे लोक?" लाल पण इथे फेजच असते, हे मी त्यांना मुद्दाम नंतर सांगितलं.

सगळं जोडून झाल्यावर मी प्लग लावायला निघाले तर आप्पा ओरडले, "आधी मीटर!" साधा मल्टिमीटर, सलग तार असेल तर वाजणारा, आमच्याकडे होता. प्लग भिंतीत नाही, होल्डरमध्ये बल्ब नाही, अशा अवस्थेत एक टोक प्लगच्या रुंद पातीला आणि दुसरं आट्यांना लावलं. वाजला. अरुंद पात आणि मधली जीभ, कळ चालू. वाजला. कळ बंद केली. थांबला. मग दोन्ही पाती एकेक करून कळशीला. दोन्ही वेळा शांत. गोल पिन आणि कळशी. वाजला. पाच मिनिटांचं काम. चार महिन्यांपूर्वी केलं असतं तर पहिल्याच तपासणीत मीटर गप्प बसला असता आणि मला कळलं असतं.

टेस्टरबद्दल एक सांगायला हवं. मिरजेहून येताना मी आप्पांचा टेस्टर आणला होता, पिवळ्या मुठीचा. तो इथे फसवतो. इथला दाब १२० व्होल्ट, आपल्या २३० च्या जवळजवळ निम्मा. त्यामुळे दिवा आधीच मिणमिणता. त्यात आपण उभे लाकडी जमिनीवर, त्यावर गालिचा, पायात चप्पल. टेस्टर पेटायला जमिनीकडे जायची जी वाट लागते ती नीट मिळत नाही. टेस्टर पेटला नाही म्हणून तार मेलेली, असं इथे समजू नये. त्यापेक्षा तीन छोट्या दिव्यांचा आउटलेट टेस्टर घ्यावा. तो भिंतीत खोचला की कुठे फेज-न्यूट्रल उलटी आहे आणि कुठे अर्थिंग नाही ते दिव्यांच्या रंगावरून कळतं. कारण दिवा तुम्ही कितीही बरोबर जोडलात आणि भिंतीतली जोडणीच उलटी असेल तर आटे पुन्हा फेजवर. आमच्या घरातले आउटलेट मी तपासले, जेवणाच्या खोलीतला एक उलटा निघाला. तिथे मात्र मी हात घातला नाही, परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलावला. रुंद-अरुंद पातीची व्यवस्था मोडणारे आणखी एक म्हणजे आपले प्रवासी अडॅप्टर, ज्यात काहीही कसंही बसतं. ते फोन चार्जरपुरते ठीक, धातूच्या दिव्याला नकोत.

"अमेरिकेत काय, ११० चा करंट, गुदगुल्या होतात," हे वाक्य मी इथल्या किमान दहा मराठी घरांत ऐकलंय. ६० वॅटच्या जुन्या बल्बमधून इथे अर्धा अँपिअर वाहतो. त्याच्या पाचव्या हिश्शाइतका करंट छातीतून गेला तरी माणूस जाऊ शकतो. शिवाय दाब निम्मा म्हणजे तेवढ्याच वॅटसाठी करंट दुप्पट. दिव्याला त्याने काही बिघडत नाही, नऊ वॅटचा एलईडी वायरीला गरमही करत नाही. बिघडतं ते थंडीत. १५०० वॅटचा छोटा हीटर भारतात साडेसहा अँपिअर घेतो, इथे साडेबारा. तो दिव्याच्या बारीक एक्स्टेन्शनवर लावला, जी बहुधा दहा अँपिअरची असते, तर ती तापत राहते, आणि पंधरा अँपिअरचा ब्रेकर खुशाल बसून असतो. त्याच्या हिशेबात सगळं ठीक चाललेलं असतं. ब्रेकर भिंतीतल्या वायरीसाठी आहे, तुमच्या बारीक वायरीसाठी नाही. त्यात ती वायर गालिच्याखालून नेलेली असली, जशी पुष्कळ घरांत असते, तर पुढचं काय सांगायचं.

इंग्लंडने याचा विचार बरा केलाय. तिथल्या जाड तीन पिनांच्या प्लगच्या आतच फ्यूज असतो. दुबई, दोहा, मस्कतलाही तेच प्लग. फक्त टेबल लॅम्पला त्यात तीन अँपिअरचा फ्यूज हवा. गेला की घरात सापडतो तो तेरा अँपिअरचा बसवून टाकायचा, ही आपली सवय. लंडनच्या माझ्या मावसबहिणीला हे सांगितलं तर तिने घरातले सगळे दिवे उघडून पाहिले, सहापैकी चारांत तेरा. जर्मनीत तर प्लग दोन्ही बाजूंनी बसतो, फेज कुठे येईल याचा भरवसा नाही. तिथे बल्ब बदलायचा तर प्लग काढूनच.

दिवाळीचे दिवस होते म्हणून आकाशकंदिलाचंही सांगते. भारतातून आणलेल्या कंदिलासोबत पिनांचा होल्डर आणि पिळाची बारीक वायर येते. ती तशीच अडॅप्टर लावून अंगणात टांगू नका. कंदील तेवढा आपला ठेवा, आतला होल्डर-वायर-बल्ब सगळं इथलं घ्या, आणि तेही बाहेर चालणारं, उन्हापावसासाठीचं. भारतातल्या २३० व्होल्टच्या माळा इथे एकतर लागत नाहीत किंवा मंद लागतात. याउलट इथली माळ कौतुकाने मिरजेला नेली तर पहिल्याच दिवशी जळते, हा अनुभव आमच्या गल्लीने घेतलेला आहे. आणि बाहेरचं कनेक्शन टेस्ट आणि रिसेट अशी दोन बटणं असलेल्या आउटलेटमधूनच घ्यावं. जाणारा आणि येणारा करंट यांत पाचेक मिलिअँपिअरचा फरक पडला तरी तो तत्काळ बंद होतो. भारतातल्या घरी बसवतो तो आरसीसीबी याच जातीचा, फक्त तो बहुधा तीस मिलिअँपिअरला पडतो. लेकीच्या खोलीत असा आउटलेट असता तर त्या दिवशी तिला चिमटा बसून प्रकरण संपलं असतं. आता तिथे बसवून घेतलाय.

कळशी पुन्हा खिडकीशी आहे. तळ गोल म्हणून खाली लाकडाचं कडं केलंय, आईच्या चुंबळीच्या मापाचं. लेक पहिले काही दिवस त्या दिव्याच्या वाटेला जात नव्हती. मी जबरदस्ती केली नाही. मग एक दिवस आप्पांनी तिलाच फोनवर घेतलं आणि सगळी तपासणी तिच्याकडून करून घेतली, मीटर तिच्या हातात. तिचं मराठी आणि त्यांचं इंग्रजी, दोघांची तारांबळ. शेवटी "रेघ कुठे, रेघ?" एवढाच शब्द पुरला, तिने एका जुन्या दिव्याच्या वायरीवर नख फिरवून ती शोधली.

बोलता बोलता आप्पांनी विचारलं, "ते भोक तू पाडलंस कुठे? नव्या जागी की गळत होतं तिथेच?"

गळत होतं तिथेच, मी म्हटलं. डागाच्या बरोबर मधोमध.

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि चहा गार झाला म्हणून उठून गेले.